डाव वाकडा म्हणून खोटा?

सांगलीतल्या एका बुद्धिबळ स्पर्धेच्या स्मरणिकेत एका प्रशिक्षकांचा लेख आलाय. त्यांचं नाव मी घेत नाही, कारण त्यांनीही माझं घेतलेलं नाही. 'साताऱ्याहून येणारे एक ज्येष्ठ खेळाडू' एवढंच लिहिलंय. पण पहाटेच्या एसटीने सांगली गाठायची, स्टँडवर उभ्या उभ्या चहा घ्यायचा आणि पांढरी मोहरी आली की पहिलीच चाल बी४ खेळायची, असा उद्योग करणारे ज्येष्ठ साताऱ्यात किती असणार? ज्यांना कळायचं त्यांना कळलं. दोघांनी तर फोन करून विचारलं, 'वाचलंत का?' आता गप्प बसणं म्हणजे वॉकओव्हर देणं.

बुद्धिबळ न खेळणाऱ्यांसाठी सांगतो. बी४ म्हणजे वजिराकडच्या घोड्यासमोरचं प्यादं दोन घरं पुढे ढकलायचं. राजरस्ता हा नव्हे. राजासमोरचं नाहीतर वजिरासमोरचं प्यादं काढायचं, मधल्या चार घरांवर हक्क सांगायचा, घोडे-उंट बाहेर आणायचे, किल्लेकोट करून राजाला कोपऱ्यात नेऊन बसवायचं, हा राजरस्ता. पहिल्याच चालीला कडेच्या प्याद्याचं काय काम, असं पुस्तकं विचारतात. प्रशिक्षकही तेच विचारतात, फक्त आवाज चढवून.

त्यांचे आरोप असे. अशा चाली खेळणं म्हणजे आळस, अभ्यास टाळायची पळवाट. समोरच्याचा तो अपमान. त्याने मुलांच्या महिनोन्‌महिन्यांच्या तयारीवर पाणी पडतं आणि त्यांची खेळावरची गोडी उडते. शेवटी एक टोमणा: एवढं करूनही गृहस्थ हरलेच.

टोमण्यापासूनच सुरू करतो, कारण तेवढा भाग शंभर टक्के खरा आहे. हरलो. चौथी फेरी, बोर्ड नंबर २३, समोर अकरा वर्षांचा मुलगा. पेनचं टोपण दातात धरलेलं, पाण्याची बाटली टेबलाच्या पायाशी, स्कोअरशीटवर नाव आधीच सुवाच्य लिहिलेलं. मी बी४ खेळून घड्याळ दाबलं. त्याने पटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग शेजारच्या दोन बोर्डांवर काय चाललंय ते पाहिलं; जणू फेरी नक्की सुरू झालीय ना, याची खात्री करत होता. टोपण दातातून काढून टेबलावर ठेवलं आणि पहिल्या चालीलाच विचारात पडला. अकरा मिनिटं. माझ्या घड्याळाकडे बघत मी मोजली आहेत.

मग त्याने राजासमोरचं प्यादं दोन घरं काढलं. मी उंट बी२ वर ठेवला. त्याने उंटाने माझं कडेचं प्यादं खाल्लं, मी उंटाने त्याचं मधलं प्यादं खाल्लं. बी४ मधलं सगळं राजकारण एवढंच आहे: कडेचं द्यायचं, मधलं घ्यायचं. बदल्यात पांढऱ्याची मोहरी बाहेर यायला एक-दोन चालींचा उशीर होतो. सौदा फार फायद्याचा नाही, तसा फसवणुकीचाही नाही. संगणकाला विचारलं तर तो म्हणतो, पहिली चाल आपली असल्याचा जो थोडासा फायदा पांढऱ्याला असतो तो यात जातो, डाव साधारण बरोबरीचा राहतो. मला तेवढं पुरतं.

पंधराव्या चालीला डाव बरोबरीत होता. तिशीच्या आसपास माझा घोडा नको तिथे अडकला आणि एक प्यादं गेलं. मग मोहरी कटत गेली आणि उरला हत्तीचा शेवट: त्याच्याकडे राजा, हत्ती आणि एक प्यादं, माझ्याकडे राजा आणि हत्ती. हा डाव बरोबरीत सोडवता येतो. फिलिडोरने १७७७ साली दाखवून ठेवलंय. बचाव करणाऱ्याने हत्ती आपल्या बाजूच्या तिसऱ्या रांगेवर धरून बसायचं, म्हणजे समोरच्या राजाला त्या रांगेत पाय टाकता येत नाही. प्याद्याने ती रांग गाठली की मगच हत्ती उठवायचा आणि लांब मागे जाऊन शह देत सुटायचं. मी एक चाल आधी उठलो. अठ्ठावन्नाव्या चालीला हात पुढे केला.

आता सांगा, यात बी४ चा दोष कुठे? साताऱ्यात गाडीत बसताना डावा पाय आधी टाकला म्हणून सांगलीच्या स्टँडवर उतरताना पाय मुरगळला, असं कुणी म्हणालं तर त्याला आपण काय म्हणू? ओपनिंग पंधराव्या चालीला संपलं होतं. पुढच्या त्रेचाळीस चाली मी स्वतःच्या अकलेने खेळलो आणि स्वतःच्याच अकलेने हरलो. आमच्यासारख्यांच्या पातळीवर डाव ओपनिंगमध्ये जात नाहीत. ते जातात असेच, एखादा अडकलेला घोडा आणि एक चाल आधी उठलेला हत्ती यांच्यापायी. हे प्रशिक्षकांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. मात्र हत्तीचा शेवट शिकवण्याला फार गिऱ्हाईक नाही, ओपनिंगच्या फाईलला आहे.

हरण्याची परंपरा या चालीला जुनीच आहे म्हणा. १९२४ च्या न्यूयॉर्क स्पर्धेत टार्टाकोवर हे गृहस्थ आदल्या दिवशी ब्रॉन्क्सच्या प्राणिसंग्रहालयात गेले होते. तिथल्या सुझन नावाच्या ओरांगउटानचा आपण सल्ला घेतला, असं सांगत ते मरोत्सीविरुद्ध बी४ खेळले. तेव्हापासून या ओपनिंगला ओरांगउटान हेच नाव पडलं. टार्टाकोवर ओपनिंगमधून बऱ्यापैकी डाव घेऊन बाहेर पडले आणि नंतर हरले. म्हणजे थेट माझ्यासारखंच. तरीही त्या स्पर्धेतलं लोकांना काय आठवतं? सुझन आठवते.

आता आळसाकडे वळू. सोव्हिएत खेळाडू सोकोल्स्की यांनी या एका पहिल्या चालीवर १९६३ साली अख्खं पुस्तक लिहिलं. ते काही आळशी माणसाचं काम दिसत नाही. माझ्याकडे तीन वह्या आहेत, शंभर पानी, त्यात मी खेळलेले बी४ चे डाव. हरलेले लाल शाईत. लाल जास्त आहे. प्रत्येक डावाखाली समोरच्याने कुठे नवी चाल काढली ते लिहिलेलं, कारण या रस्त्याला मैलाचे दगड कमी. दुसऱ्याने लिहून ठेवलेलं फार नसल्यामुळे आपलं आपल्याला लिहावं लागतं.

आणि ज्याला अभ्यास म्हणतात तो कसा दिसतो, हे मी शेजारच्या बोर्डावर बसून अनेकदा पाहिलंय. नव्वद मिनिटं अधिक प्रत्येक चालीला तीस सेकंद अशी वेळ असते. मुलगा सोळा चाली धडाधड खेळतो, घड्याळात नव्वदची पंच्याण्णव मिनिटं होतात. पाढे म्हटल्यासारखं. मग समोरचा सतराव्या चालीला फाईलीत नसलेलं काहीतरी खेळतो आणि इथून पुढे मुलाचा खरा डाव सुरू होतो. उंट त्या घरात का ठेवला, हे त्याला सांगता येत नाही. 'सरांनी सांगितलंय' हे सांगता येतं. मुलं हुशार आहेत, माझ्या दुप्पट हुशार. त्यांना दोष देत नाही. पण पाठांतराला अभ्यास म्हणायचं आणि तिसऱ्या चालीपासून डोकं चालवणाऱ्याला आळशी म्हणायचं, हा हिशेब मला जमत नाही.

अपमानाचा आरोप मला सगळ्यात झोंबला. पटावर पांढऱ्याला पहिल्या चालीला वीस पर्याय असतात: प्याद्यांच्या सोळा आणि घोड्यांच्या चार चाली. नियमात वीसही सारख्याच. यातली अमुक सभ्य आणि तमुक असभ्य, असं कुठल्याही आर्बिटरने मला सांगितलेलं नाही. अपमान कसा करतात तेही मला माहीत आहे. समोरचा विचार करत असताना पेन टकटक वाजवणं, चाल खेळून छद्मी हसणं, पोराला 'अरे, खेळ लवकर' म्हणणं. मार्च २०२१ मध्ये कार्लसन आणि नाकामुरा यांनी एका ऑनलाइन डावात दुसऱ्याच चालीला दोघांचेही राजे एकेक घर पुढे काढले आणि हसत हसत बरोबरी करून टाकली. दोघेही पुढच्या टप्प्यात आधीच पोहोचले होते. त्याला थट्टा म्हणा, माझी हरकत नाही. मी अठ्ठावन्न चाली घाम गाळला, त्याला थट्टा म्हणू नका.

मराठीत 'डाव' हा शब्द बघा. बुद्धिबळाचा डाव, पत्त्यांचा डाव, कुस्तीतला डाव, 'आता डाव कुणाचा' मधला डाव. आमच्याकडे सुट्टीत वाड्याच्या ओटीवर मेंढीकोट बसायचा. बंद हुकूम लावायची वेळ आली की सगळे हातातल्या सगळ्यात लांब रंगाचं पान लावत. आमची आत्या ज्याची दोनच पानं आहेत त्या रंगाचं लावायची. समोरचे दहिले वाचवायच्या नादात भलताच हुकूम गृहीत धरून बसत. काका चिडायचे, 'असं कुणी खेळतं का?' मात्र ते फक्त कोट झाल्यावर चिडायचे. आत्या हरली की तिच्या हुकमाबद्दल कुणाचीच तक्रार नसायची.

आणि कुस्ती. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांच्या जिल्ह्यात राहून हे सांगावं लागतं याचं वाईट वाटतं. १९४८ ला लंडनमध्ये सहावा क्रमांक, १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ. ढाक हा त्यांचा हातखंडा डाव. लाल मातीत वाढलेला पैलवान परक्यांच्या मॅटवर उतरला तो आपले डाव बरोबर घेऊन. तालमीत कुणी अनोळखी डाव टाकला तर पडलेला उठतो, माती झटकतो आणि वस्तादाला विचारतो, 'हा कुठला?' माझा अपमान झाला म्हणून स्मरणिकेत लेख लिहीत नाही.

बुद्धिबळातही आपण एकेकाळी असेच मातीतून मॅटवर आलो. देशी नियमांत प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचं. किल्लेकोट नव्हता, राजाला एकदाच घोड्यासारखी उडी मारायची मुभा होती. या नियमांनी डाव सावकाश, मागून रचला जायचा. कोलकात्यात १८५० च्या दशकात महेशचंद्र बॅनर्जी नावाचे गृहस्थ जॉन कॉक्रेन या स्कॉटिश खेळाडूशी खेळत तेव्हा ते मध्यावर प्यादी न नेता उंट कडेने काढून बसत. तेव्हाच्या युरोपच्या डोळ्यांना ते विचित्रच दिसलं असणार. आज त्याच रचनांना जग 'इंडियन डिफेन्स' म्हणतं आणि त्यांच्या फाईली आपल्याकडच्या मुलांना पैसे घेऊन पाठ करून दिल्या जातात. पंजाबचा सुलतान खान देशी नियमांवरच वाढला. ओपनिंगची पुस्तकी तयारी नावापुरती. तरी १९२९, १९३२ आणि १९३३ असा तीनदा ब्रिटिश विजेता झाला आणि १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्याने कापाब्लांकाला हरवलं. त्याला कुणी 'शास्त्रशुद्ध खेळ' म्हणून परत पाठवलं असतं तर?

सांगलीने तर हे विसरूच नये. भाऊसाहेब पडसलगीकरांनी आयुष्य घालून उभं केलेलं नूतन बुद्धिबळ मंडळ इथलं, उन्हाळ्यातल्या स्पर्धांची परंपरा इथली. भाग्यश्री साठे, पुढच्या ठिपसे, इथल्या. पाच वेळा राष्ट्रीय विजेत्या आणि १९९१ च्या आशियाई विजेत्या. स्वाती घाटे इथल्या. साठे पटावर वाढल्या तेव्हा हातातल्या मोबाईलवर लाखो डाव मिळत नव्हते. समोर बसलेल्या माणसाशी खेळून खेळूनच खेळ यायचा आणि समोर कोण बसेल, तो काय काढेल, याचा नेम नसायचा. त्या वेळी 'तयारीवर पाणी पडलं' असं म्हणायची सोय नव्हती. पाणी पडणं हीच तयारी होती.

एक गोष्ट मात्र प्रशिक्षकांच्या बाजूने मान्य करतो. वाकड्या चालीचा कडेलोटही होतो. १९७० साली बेलग्रेडला सोव्हिएत संघ विरुद्ध उर्वरित जग असा सामना झाला. उर्वरित जगाच्या पहिल्या बोर्डावर लार्सन होते, खुद्द फिशर त्यांच्याखाली दुसऱ्या बोर्डावर. लार्सन पांढऱ्या मोहऱ्यांनी बी३ खेळले आणि जगज्जेत्या स्पास्कीने सतराव्या चालीला त्यांचा डाव आटोपला. तो डाव आजही मुलांना दाखवून 'बघा, असं होतं' म्हणतात. जरूर दाखवा. पण त्यासोबत १९८० चा स्कारा इथला डावही दाखवा. जगज्जेता कार्पोव राजाचं प्यादं पुढे काढतो आणि माइल्स उत्तराला ए६ खेळतो. कडेचं प्यादं, एक घर, जणू चालच खेळला नाही. माइल्स जिंकला. आणि २००० साली लंडनमध्ये क्रामनिकने धूळ खात पडलेला बर्लिन बचाव काढला. कास्पारोवला अख्ख्या सामन्यात एकही डाव जिंकता आला नाही आणि पंधरा वर्षांचं जगज्जेतेपद गेलं. हरलेला डाव पुरावा आणि जिंकलेला डाव अपवाद, असा निवाडा असेल तर मग आपण दोघं वाद कशाला घालतोय?

दुसरी गोष्टही मान्य. शालेय स्पर्धांत चार चालींची मात लावायला बसलेली मुलं असतात, तेवढं एकच अस्त्र घेऊन. समोरच्याला ते ठाऊक नसेल तर डाव संपतो, ठाऊक असेल तर याचाच संपतो. ते मलाही आवडत नाही. बी४ तसं नाही. समोरच्याला सगळं माहीत असलं तरी डाव चालू राहतो. एक गाफीलपणावर जगतं, दुसरं जगत नाही. एवढा फरक प्रशिक्षकांनी करायला हवा होता.

आता मुलांच्या तयारीबद्दल. ही तयारी कुणाची, हे आधी विचारू. महिन्याची फी, ऑनलाइन कोर्स, लॅपटॉप, दर सुट्टीत रेटिंग स्पर्धेसाठी पुणे-मुंबईच्या वाऱ्या हे ज्याला परवडतं त्याची. जत-आटपाडीच्या किंवा माण-खटावच्या शाळेतून गुरुजींच्या जोरावर स्पर्धेला आलेल्या पोराकडे फाईल नसते. त्याला राजरस्त्यानेच जायला लावलं तर पहिल्या पंधरा चाली तो समोरच्या मुलाशी खेळत नाही, त्याच्या वडिलांच्या पाकिटाशी खेळतो. मग उरलेल्या वेळात डोकं चालवायचं. अशा पोराने बी४ खेळला, बी६ खेळला, काहीही नियमात बसणारं खेळला आणि तिसऱ्या चालीला दोघांना एका पायरीवर आणून बसवलं, तर त्याने कुणाचं काय चोरलं? प्रशिक्षकांच्या लेखात 'समान संधी' हे शब्द दोनदा आलेत. म्हणून विचारतो.

राहिली गोडी उडण्याची गोष्ट. स्मरणिकेतल्या लेखात आमच्या त्या डावाचा उल्लेख आहे, मुलाचे वडील नाराज झाले, असंही आहे. ते खरंय. हॉलच्या दाराशी ते मला म्हणाले, 'काका, लहान मुलांशी असं नका खेळू, त्याचा दोन महिन्यांचा अभ्यास फुकट गेला.' पोरगा जिंकला होता, तरी. मी काही बोललो नाही. हरलेल्या माणसाने फार बोलू नये.

लेखात नंतरचं नाही, कारण प्रशिक्षक तोवर निघून गेले होते. व्हरांड्यात एका बाकावर कुणाचा तरी गुंडाळायचा पट पसरलेला होता. पोराने आपण होऊन शेवट मांडला: माझा राजा ई१ वर, हत्ती ए३ वर, त्याचं प्यादं ई४ वर. 'काका, हत्ती इथेच ठेवायचा होता ना? मी प्यादं पुढे टाकल्यावर उठवायचा.' बरोबर होतं. मी म्हटलं, हो, तिथेच. त्याने दोन-तीन चाली खेळून दाखवल्या, पुन्हा मागे घेतल्या. मग मोहरी गोळा करून सगळी पहिल्या जागी लावली, माझं कडेचं प्यादं स्वतःच दोन घरं पुढे टाकलं आणि विचारलं, 'इथे मी उंटाने खाल्लंच नसतं तर?'

वडील दोन्ही दप्तरं खांद्याला लावून उभे होते. पाचव्या फेरीचं पेअरिंग भिंतीवर लागलं तेव्हा आमचा तिसरा पर्याय चालू होता.